वाचकांचे प्रश्न : तीस क्लब फिरलेला गोली आणि त्याच्यातला कोच

मागच्या अंकात गोलकीपरवर जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आणि मेल आले की या वेळचा अख्खा कॉलम गोलींनाच देऊन टाकलाय. स्ट्रायकरवाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत थांबावं.

प्रश्न : टेन स्पोर्ट्सवर चॅम्पियन्स लीग बघायला रात्र रात्र जागायचो तेव्हा अँकर जो मॉरिसनच्या शेजारी एक इंग्लिश म्हातारे बसायचे, जॉन बरिज. उच्चार निम्मे कळायचे नाहीत पण माणूस जीव तोडून बोलायचा. ते खरंच मोठे प्लेअर होते का? इंग्लंडच्या टीममध्ये तर नाव कधी दिसलं नाही. – एक वाचक, ठाणे

इंग्लंडकडून एकही मॅच नाही, ते तुमचं बरोबर आहे. पण इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या लीगमध्ये मिळून साडेसातशेच्या वर मॅचेस, तीसच्या आसपास क्लब, आणि प्रीमियर लीगमध्ये खेळलेला सगळ्यात वयस्कर प्लेअर हा रेकॉर्ड आजही त्याच्याच नावावर. १४ मे १९९५ ला मँचेस्टर सिटीकडून क्यूपीआरविरुद्ध (लंडनचा क्वीन्स पार्क रेंजर्स) उतरला तेव्हा वय ४३ वर्षं १६२ दिवस! आता हा मोठा प्लेअर की नाही हे तुम्हीच ठरवा, माझ्या मते मोठाच, फक्त मोठेपणाचा जो साचा आपल्या डोक्यात असतो ना, एक क्लब, एक नंबर, देशाची कॅप, त्यात तो बसत नाही.

जन्म १९५१ चा, वर्किंग्टनजवळचा, म्हणजे इंग्लंडचा वायव्येकडचा कोपरा, कोळसा आणि पोलादाचा भाग. सुरुवात वर्किंग्टनच्याच टीमकडून, तेव्हा ती चौथ्या डिव्हिजनमध्ये होती. तिथून १९७१ ला ब्लॅकपूल, आणि त्याच वर्षी ब्लॅकपूलने इटलीत जाऊन बोलोन्याला हरवून अँग्लो-इटालियन कप आणला. मग १९७५ ला अॅस्टन व्हिला. १९७७ चा लीग कप व्हिलाने एव्हर्टनविरुद्ध जिंकला, फायनल एकदा बरोबरीत, रिप्लेही बरोबरीत, शेवटी तिसऱ्या मॅचला ३-२ असा निकाल, आणि गोलमध्ये बरिज. गंमत बघा, त्याच वर्षी त्याचा पहिला क्लब वर्किंग्टन लीगमधूनच बाहेर फेकला गेला.

आता तुम्हाला वाटेल कप जिंकला म्हणजे जागा पक्की. अजिबात नाही. त्याच उन्हाळ्यात व्हिलाने आर्सेनलकडून जिमी रिमरला आणलं आणि बरिज बाहेर. साउथएंडला लोनवर गेला, मग टेरी व्हेनेबल्स मॅनेजर असलेल्या क्रिस्टल पॅलेसला, तिथे १९७९ ला सेकंड डिव्हिजनचं विजेतेपद. पुढे क्यूपीआर, तिथे पीटर हकर नावाच्या तरुण गोलीने जागा घेतली आणि १९८२ ची एफए कप फायनलही हकरच खेळला. बरिज गेला वुल्व्ह्जला, पहिल्याच सीझनला टीम वरच्या डिव्हिजनमध्ये चढली. मग शेफील्ड युनायटेड, साउदॅम्प्टन, न्यूकॅसल. आणि १९९१ ला हिबर्नियन. हा क्लब वर्षभर आधी जवळजवळ संपलाच होता, एडिनबराच्याच दुसऱ्या क्लबच्या, हार्ट्सच्या चेअरमनने तो विकत घ्यायचा घाट घातला होता, लोकांनी रस्त्यावर उतरून वाचवला, आणि पुढच्याच वर्षी त्या टीमने सेमीफायनलला रेंजर्सला आणि फायनलला डनफर्मलिनला हरवून स्कॉटिश लीग कप उचलला. गोलमध्ये ३९ वर्षांचा बरिज. मला विचाराल तर त्याच्या करिअरमधली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच, ४३ व्या वर्षाचा रेकॉर्डसुद्धा त्यानंतर येतो.

त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत इतके क्लब झाले की यादी दिली तर कॉलम संपेल. अॅबरडीन, डनफर्मलिन, फॉल्कर्क, मँचेस्टर सिटी, डार्लिंग्टन, आणि शेवटी ब्लाइथ स्पार्टन्सला प्लेअर-मॅनेजर.

प्रश्न : मी मस्कतला नोकरीला आहे. इथे अली अल हब्सीचं नाव काढलं की ऑफिसमधली सगळी मंडळी खूश होतात. एक जण म्हणाला की त्याला कोणा इंग्लिश गोलीने शोधला. हे खरं का नुसती दंतकथा? – एक वाचक, मस्कत (मूळ गाव सावंतवाडी)

खरं आहे, आणि तो इंग्लिश गोली म्हणजे हाच बरिज. आपल्याकडे तुम्हा दोघा वाचकांची पत्रं एकाच महिन्यात आली याचा मला केवढा आनंद झाला सांगू!

पण त्याआधीचं थोडं सांगायलाच हवं. १९९७ च्या सुमारास बरिजचं खेळणं थांबलं आणि माणूस पार कोसळला. डिप्रेशन. जवळजवळ तीस वर्षं रोज सकाळी उठून ग्लोव्हज घालायचे एवढंच माहीत असलेला माणूस, त्याला एक दिवस कळतं की आज कुठेच जायचं नाही. प्रायरी क्लिनिकमध्ये उपचार घ्यावे लागले, आणि हे त्याने कधी लपवलं नाही, स्वतः सांगितलंय. तिथून सावरून तो ओमानला गेला, नॅशनल टीमच्या गोलींचा कोच म्हणून.

तिथे त्याला दिसला अली. १९८१ चा जन्म, अल मुधैबीचा पोरगा, मस्कतच्या एअरपोर्टवर फायर ब्रिगेडमध्ये कामाला. बरिजला पटलं की हा इंग्लंडमध्ये खेळू शकतो. आणि त्या काळात ओमानच्या गोलीबद्दल असं बोलणं म्हणजे लोकांनी वेड्यात काढायचंच. बरं, नुसतं चांगलं असून भागत नव्हतं, तेव्हा युरोपबाहेरच्या प्लेअरला इंग्लंडचं वर्क परमिट हवं तर देश फिफा रँकिंगमध्ये पहिल्या ७० मध्ये असावा लागायचा आणि त्याने आधीच्या दोन वर्षांत देशाच्या ७५ टक्के महत्त्वाच्या मॅचेस खेळलेल्या असाव्या लागायच्या. ओमानच्या पोराला थेट दार बंदच म्हणा ना. मग वळसा घेऊन रस्ता काढला, २००३ ला नॉर्वेच्या लिन ऑस्लोकडे. वाळवंटातला पोरगा थेट बर्फात. आणि २००४ ला तो नॉर्वेतला सर्वोत्तम गोलकीपर ठरला.

जानेवारी २००६ ला बोल्टन. तिथे समोर युसी यास्केलाइनेन, हलायचं नाव नाही, त्यामुळे अलीला पहिली मॅच मिळायला सप्टेंबर २००७ उजाडला. त्याच नोव्हेंबरात युएफा कपला म्युनिकमध्ये बायर्नशी २-२ झालेल्या मॅचला गोलमध्ये तोच होता. मग विगन. तीन सीझन प्रीमियर लीग, २०१३ ला विगनने एफए कप जिंकला, फायनलला गोलमध्ये मात्र जोएल रोब्लेस होता, आणि तीनच दिवसांनी विगन प्रीमियर लीगमधून खाली घसरला. गोलीच्या आयुष्यात हे असंच चालतं.

तुमच्या ऑफिसमधल्या लोकांना जे जास्त जवळचं असेल ते गल्फ कपचं, म्हणजे आखाती देशांच्या स्पर्धेचं. २००३, २००४, २००७, २००९ असं लागोपाठ चार वेळा तो स्पर्धेतला सर्वोत्तम गोली, आणि २००९ ला मस्कतमध्येच सौदीविरुद्धची फायनल ०-० राहिली, पेनल्टीवर ६-५ ने ओमान जिंकला, त्यांचा पहिलावहिला गल्फ कप. त्या रात्री मस्कतमध्ये असलेल्या कोणालाही विचारा, डोळे चमकतील.

प्रश्न : मी ३१ वर्षांचा, गोली. शाहू स्टेडियमवर पाच-सहा टीमकडून खेळलोय, मधी दोन सीझन पुण्यात आणि एक मुंबईत ऑफिस टीमकडं. लोक म्हणत्यात ह्यो कुठल्याच पेठेचा झाला नाही. आता गुडघा बोलायला लागलाय, कोचिंगला उतरायचं डोक्यात हाय, पण असल्या फिरस्त्याला घेणार कोण? – एक वाचक, कोल्हापूर

भावा, तुझं पत्र दोनदा वाचलं. आणि वरची दोन उत्तरं मुद्दाम तुझ्याआधी टाकली.

पहिली गोष्ट, गोली फिरतो यात त्याचा दोष फार कमी असतो. बाकी दहा जागांवर माणूस इकडचा तिकडे होतो, राइट बॅक मिडफिल्डला जातो, विंगर आत येतो, पंचाहत्तराव्या मिनिटाला सब म्हणून येऊन वीस मिनिटं तरी मिळतात. गोलीला तसं काहीच नाही. जागा एक, आणि त्या जागेवरचा माणूस चुकला किंवा लागलं तरच दुसऱ्याचा नंबर. मग ज्याला खेळायचंच आहे त्याने काय करायचं, गाव बदलायचं. बरिजने तेच केलं, तू तेच केलंस. पेठेची निष्ठा मला कळते रे, कोल्हापूरचं फुटबॉल त्या निष्ठेवरच उभं आहे, तालीम म्हणजे घर, पण जो गोली बेंचवर बसायला नकार देऊन दुसऱ्या टीमच्या गोलमध्ये उभा राहतो त्याला घर नसलेला म्हणणं हा अन्याय आहे, हे मी कोणासमोरही बोलेन.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फिरलेल्या गोलीला एक कसब जमतं जे एकाच ठिकाणी राहिलेल्याला शिकायची वेळच येत नाही. गुरुवारी नव्या टीममध्ये आलास, रविवारी मॅच. चार डिफेंडर, नावं धड माहीत नाहीत, त्यांतला कोण क्रॉसला मागे राहतो, कोणाला ओरडलेलं चालतं आणि कोण ओरडल्यावर आणखी बिघडतो, कोण बॉल परत देताना डाव्या पायाने गडबडतो, हे सगळं दोन प्रॅक्टिसमध्ये ओळखायचं. कोच दुसरं काय करतो? हेच तर करतो. तू पाच-सहा टीममध्ये हे केलंयस, म्हणजे पाच-सहा वेळा कोचिंगची परीक्षा दिलीयस असं मी मानतो.

शिवाय नियम आणि मैदानं. बरिजचंच बघ, क्यूपीआरने १९८१ ला इंग्लंडमधलं पहिलं प्लास्टिकचं मैदान घातलं तेव्हा तो तिथेच होता, बॉल टप्पा पडून डोक्याच्या वर उडायचा, गोलींचे कोपर-मांड्या सोलून निघायच्या. मग १९९२ ला बॅकपासचा नियम आला, आपल्या माणसाने पायाने दिलेला बॉल हातात घ्यायचा नाही. तेव्हा हा ४० वर्षांचा. चाळिशीत पायाने खेळायला नव्याने शिकायला लागलेला माणूस दुसऱ्याला शिकवायला बसतो तेव्हा त्याला नेमकं ठाऊक असतं की शिकणाऱ्याचं कुठे अडतं, आणि जन्मजात सगळं येणाऱ्याला हे कधीकधी सांगताच येत नाही.

हां, उलटं उदाहरणही आहे, ते दडवायचं कारण नाही. आपल्या गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर, ताळगावचे, साळगावकरच्या गोलमध्ये वर्षानुवर्षं उभे राहिले, देशाचं कॅप्टनपद, गोव्यासाठी संतोष ट्रॉफी, १९९७ ला अर्जुन, २०२२ ला पद्मश्री. एका जागी राहूनही डोंगराएवढं काम होतं. पण तसं नशीब एखाद्याचंच, आणि म्हणून बाकीच्यांचं करिअर वाया गेलं असं होत नाही. जर्मनीचा लुट्झ फानेनश्टील घे, फिफाच्या सहाच्या सहा कॉन्फेडरेशनमध्ये, म्हणजे खंडवार संघटनांमध्ये, प्रोफेशनल खेळलेला पहिला प्लेअर, तोही गोलीच, पंचवीसेक क्लब. पुढे होफेनहाइमसाठी स्काउटिंग, मग फोर्टुना ड्युसेलडॉर्फ आणि अमेरिकेत सेंट लुईस सिटीचा स्पोर्टिंग डायरेक्टर. जगभर फिरलेल्या माणसाची ओळखपाळख आणि नजर, ह्यालाच क्लबांनी पैसे मोजले.

आता कामाचं. लायसन्सशिवाय आज कोणी दारात उभं करत नाही आणि ते बरोबरच आहे. एआयएफएफच्या (भारतीय फुटबॉल महासंघ) डी लायसन्सपासून सुरुवात कर, महाराष्ट्रात हे कोर्स विफा (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन) घेते, त्यांच्या तारखांवर लक्ष ठेव. त्याच्यावर एएफसीचे (आशियाई फुटबॉल महासंघ) सी, बी, ए. गोलीच्या कोचसाठी वेगळे कोर्स असतात, तेही पायरी-पायरीने. डी झाल्याझाल्या तालमीच्या किंवा शाळेच्या पोरांना फुकट शिकवावं लागलं तरी शिकव, एक-दोन सीझन. आणि गुडघा डॉक्टरला दाखव, कारण गोलीच्या कोचला दिवसाला दोन-अडीचशे शॉट मारावे लागतात, ते काही खुर्चीत बसून होत नाहीत.

आणि एक, मनापासून. खेळणं एकदम तोडू नकोस. बरिजचं काय झालं ते वर लिहिलंय. शेवटचा सीझन चालू असतानाच कोर्स उरकून घे, म्हणजे मॅच नसलेला रविवार येईल तेव्हा मैदानावर तुझी वाट बघणारं कोणीतरी असेल. तरीही मन खचायला लागलं तर डॉक्टरकडे जायला लाजू नकोस.

प्रश्न : माझा मुलगा १३ वर्षांचा, अॅकॅडमीत गोलकीपर आहे. सर्व सीझन बेंचवरच बसतो, कोच दुसऱ्या मुलालाच खेळवतात. पोझिशन बदलायला सांगू का? घरी येऊन जेवत नाही नीट. – एक आई, पनवेल

ताई, आधी त्यालाच विचारा, त्याला गोलमध्ये उभं राहायला आवडतं का. आवडत नसेल तर आजच बदला, प्रश्नच मिटला. आवडत असेल तर मात्र मॅच मिळत नाही एवढ्यावरून सोडायला लावू नका.

वर जिमी रिमरचं नाव आलंय ना, बरिजची जागा घेतलेला? त्याची पुढची गोष्ट मुलाला सांगा. १९८२, रॉटरडॅम, युरोपियन कपची फायनल, अॅस्टन व्हिला विरुद्ध बायर्न म्युनिक. रिमरला आधीपासूनच दुखत होतं, नवव्या मिनिटाला तो बाहेर आला. आत गेला निजेल स्पिंक, ज्याने त्याआधी पहिल्या टीमकडून फक्त एक मॅच खेळली होती, तीही १९७९ ला. बायर्नने एका मागून एक शॉट मारले, एकही आत गेला नाही, पीटर विथच्या गोलवर व्हिला १-० ने जिंकला. स्पिंक पुढे १९९६ पर्यंत व्हिलात राहिला, आणि नंतर गोलकीपिंग कोचही झाला. बेंचवरचा अडीच वर्षांचा काळ तो रोज तयार राहिला म्हणून तर ती रात्र त्याची झाली.

पण १३ वर्षांच्या मुलाला अडीच वर्षं नुसतं बसवणं हे मला पटत नाही, हे स्पष्ट लिहितो. या वयात दोन गोली असतील तर हाफ-हाफ खेळवावेत, आलटून पालटून मॅचेस द्याव्यात. कोचना भेटा, भांडू नका, पण हे विचारा जरूर, आणि नाहीच जमलं तर दुसरी टीम बघा. या पानावर एवढ्या फिरलेल्या गोलींबद्दल वाचलंत, त्यामुळे टीम बदलणं ही नामुष्की नाही हे तुम्हाला पटलं असेल.

प्रश्न : दादा, मी १५ वर्षांचा. जॉन बरिजची बायको त्याच्यावर संत्री फेकायची असं वाचलं, ते खरं का? मीपण करू का? आणि अँगल म्हणजे नक्की काय ते सर सांगतात पण समजत नाही. – एक गोली, मडगाव

खरं आहे रे. तो घरी टीव्ही बघत बसलेला असताना बायकोने कधीही फळ फेकायचं आणि त्याने ते पकडायचं, असा त्याचा बायकोला आग्रह असायचा. झोपताना बॉल जवळ घ्यायचा, वॉर्मअपला हातांवर चालायचा. लोक हसायचे, पण फळ फेकण्यामागे विचार आहे. मॅचमध्ये बॉल कधी सुटेल हे सांगून येत नाही, समोर माणसांची गर्दी असते, उशिरा दिसतो. म्हणजे हात कायम तयार हवेत. तू टेनिस बॉल घे. भिंतीकडे तोंड करून तीन-चार मीटरवर उभा राहा, गुडघे किंचित वाकलेले, वजन चवड्यावर, हात कमरेच्या वर आणि शरीराच्या पुढे. मित्राला मागून, तुझ्या खांद्यावरून भिंतीवर बॉल मारायला सांग. परत येईल तो पकड. आधी दोन हातांनी, मग एका हाताने. सिमेंटवर डाइव्ह मारायची नाही, म्हणजे नाही.

आता अँगल. हे तोंडाने सांगून कोणालाच कळत नाही, त्याला दोरी लागते. दोन लांब दोऱ्या घे, एकेका पोलला एकेक बांध, आणि दुसरी टोकं पेनल्टी स्पॉटवर बॉलपाशी एकत्र रोव. आता तुझ्यासमोर जमिनीवर एक त्रिकोण तयार झाला, बॉल जायला जी जागा आहे ती सगळी त्या दोन दोऱ्यांच्या मध्येच. गोललाइनवर उभा राहा, दोऱ्यांमधलं अंतर ७.३२ मीटर, दोन्ही बाजूंना हात पसरलेस तरी कितीतरी उघडं. आता बॉलच्या दिशेने ४ मीटर पुढे ये. तिथे दोऱ्यांमधलं अंतर साडेचार मीटरच्या जरासंच वर उरतं. तू तेवढाच आहेस पण गोल बारीक झाला. मग दोऱ्या स्पॉटवरून उचलून बॉक्सच्या कोपऱ्यात ने, पुन्हा रोव, आणि दोन्ही दोऱ्यांच्या बरोबर मधोमध यायला तुला किती पावलं सरकावं लागतं ते बघ. पाच-सहा जागांवरून हे केलंस की मैदानात दोऱ्या नसल्या तरी दिसायला लागतील.

फक्त अति पुढे येऊ नकोस. मित्राला त्याच स्पॉटवरून बॉल वरून उचलून टाकायला सांग, आणि उडी मारूनही बोटं लागत नाहीत अशी जागा कुठून सुरू होते ते शोध. क्रॉसबार २.४४ मीटर उंच आहे, तुझी उंची वाढतेय, त्यामुळे ही जागा दर सहा महिन्यांनी बदलेल, पुन्हा मोजत राहा. ग्लोव्हज धुताना साबण फार लावू नको, तळव्याचा लेटेक्स खराब होतो, कोमट पाण्याने धुवून सावलीत वाळव.